चिकुनगुनिया: ताप चार दिवसांचा, सांधे चार महिन्यांचे

चिकुनगुनिया होऊन गेलेल्या पुणेकराला विचारा, तो तापाबद्दल फारसं बोलणार नाही. जिन्याबद्दल बोलेल. कठड्याला धरून एकेक पायरी कशी उतरावी लागायची, सकाळी दात घासायचा ब्रश धरता यायचा नाही, कुकरचं झाकण फिरायचं नाही, गाडीचा ब्रेक दाबायला बोटंच वळायची नाहीत. आणि हे सगळं ताप उतरून महिना झाल्यानंतर.

आपली गल्लत होते ती इथेच. सगळी धावपळ तापाच्या चार दिवसांत होते. रक्त तपासा, पेशी किती आल्या विचारा, ॲडमिट करायचं का ते ठरवा. ताप उतरला की रिपोर्ट फायलीत जातात आणि घरच्यांच्या लेखी माणूस बरा झालेला असतो. चिकुनगुनियात लांबणारा भाग त्यानंतर सुरू होतो आणि त्यासाठी घरात कोणाचीच तयारी नसते. म्हणून पुढचं सगळं दिवसांच्या क्रमाने लिहिलं आहे. ज्याचा जो टप्पा चालू असेल, त्याने तिथून वाचलं तरी चालेल.

हा आजार महाराष्ट्राला नवा नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत १९७३ मध्ये त्याची साथ आली होती. मग तीसेक वर्षं तो जवळजवळ विसरला गेला आणि २००६ मध्ये देशभरात १३ लाखांहून जास्त संशयित रुग्ण घेऊन परतला. २०२१ च्या जुलैमध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरमध्ये राज्यातला पहिला झिकाचा रुग्ण सापडला, तेव्हा त्याच बाईंना चिकुनगुनियाही झाल्याचं निघालं. २०२४ च्या पावसाळ्यात तर पुण्यात डेंग्यू, चिकुनगुनिया आणि एरंडवण्यापासून सुरू झालेला झिका असे तिन्ही एकाच वेळी फिरत होते. तिन्ही आजार पसरवणारा डास एकच आहे, पायांवर पांढरे पट्टे असलेला एडिस. त्यामुळे 'मला नक्की काय झालंय?' हा प्रश्न पुण्यात साधा राहिलेला नाही.

पहिला दिवस: तारीख आणि वेळ लिहून ठेवा

ताप पहिल्यांदा कधी जाणवला ती तारीख आणि वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. हे किरकोळ वाटेल, पण पुढची प्रत्येक तपासणी आणि डॉक्टरांचा निम्मा विचार 'तापाचा आज कितवा दिवस' यावर चालतो. तिसऱ्या दिवशी बहुतेकांना ते नीट सांगता येत नाही. 'परवा संध्याकाळपासून अंग मोडून आलं होतं, पण ताप काल' अशी उत्तरं येतात.

डास चावल्यापासून साधारण ३ ते ७ दिवसांत लक्षणं दिसतात, क्वचित १२ दिवसही लागतात. ताप हळूहळू चढत नाही. सकाळी धडधाकट ऑफिसला गेलेला माणूस दुपारी हुडहुडी भरून घरी येतो आणि थर्मामीटर १०२ ते १०४ दाखवतो. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सांधे धरतात. मनगटं, बोटांची पेरं, घोटे आणि तळपाय हे लहान सांधे आधी, मग गुडघे आणि खांदे. बहुधा दोन्ही बाजूंचे सांधे एकदम दुखतात आणि अनेकांच्या सांध्यांना सूज येते. दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान छातीवर, पाठीवर, हातापायांवर लालसर पुरळ उठू शकतं आणि त्याला खाज सुटते. डोकेदुखी, मळमळ, डोळे लाल होणं हेही असू शकतं.

डेंग्यूत स्नायू आणि डोळ्यांच्या मागची बाजू जास्त ठणकते, सांधे सुजणं क्वचितच. झिकात ताप सौम्य असतो, पुरळ आणि डोळ्यांची लाली उठून दिसते. पुस्तकात हे छान वेगवेगळं असतं. प्रत्यक्षात पहिल्या दोन दिवसांत अनुभवी डॉक्टरसुद्धा नुसतं बघून छातीठोकपणे सांगत नाहीत, आणि एकाच माणसाला दोन आजार एकत्र होऊ शकतात हे बेलसरने दाखवलंच आहे. त्यामुळे शेजारच्या काकूंनी 'अहो, हा चिकुनगुनियाच, आमच्या ह्यांना अगदी अस्संच झालं होतं' असं निदान केलं, तरी ते ऐकून घ्या आणि डॉक्टरकडे जा. पावसाळी दिवसांत मलेरियाची तपासणीही व्हायला हवी. साचलेल्या पाण्यातून चालत गेला असाल आणि पोटऱ्या खूप दुखत असतील तर तेही आपणहून सांगा, कारण तिथे लेप्टोस्पायरोसिसची शक्यता तपासावी लागते.

डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत वेदनाशामक गोळी नको

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. सांधे इतके ठणकतात की माणूस घरात असेल ती गोळी घेतो. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन, एसिक्लोफिनॅक यांपैकी काहीही. किंवा कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जाऊन 'डॉक्टर, एक इंजेक्शन द्या आणि मोकळं करा' म्हणतो. आजार डेंग्यू निघाला तर यांतली काही औषधं रक्तस्रावाचा धोका वाढवतात. त्यामुळे डेंग्यू नाही असं डॉक्टरांनी सांगेपर्यंत तापाला आणि दुखण्याला पॅरासिटामॉल एवढंच. इंजेक्शनची सुई पुढे आली तर नम्रपणे विचारा, 'यात काय आहे? डेंग्यूचं अजून कळलेलं नाही.' चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.

पॅरासिटामॉलचंही भान हवं. मोठ्या माणसाने ६५० मिलीग्रॅमची गोळी घेतली तर दोन गोळ्यांमध्ये किमान सहा तास जाऊ द्यावेत. सर्दी-तापाच्या तयार गोळ्यांमध्येही पॅरासिटामॉल असतं, ते मोजायचं राहून जातं. यकृताचा आजार असेल किंवा रोजचं दारू पिणं असेल तर प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. लहान मुलांचं प्रमाण वजनावर ठरतं, मोठ्यांची गोळी मोडून देऊ नका. आणि हृदयविकारासाठी रक्त पातळ करणारी गोळी रोज चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने बंदही करू नका आणि चालूही ठेवू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

आता तपासण्या. पैसे वाया जातात ते चुकीच्या दिवशी बरोबर तपासणी केल्यामुळे. तापाच्या पहिल्या पाचेक दिवसांत रक्तात विषाणू स्वतः असतो, तेव्हा डेंग्यूसाठी एनएस१ आणि चिकुनगुनियासाठी आरटी-पीसीआर उपयोगी. पाचव्या दिवसानंतर शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं सापडू लागतात, तेव्हा दोन्ही आजारांसाठी आयजीएम एलायझा. दुसऱ्या दिवशी चिकुनगुनियाचं आयजीएम केलं आणि निगेटिव्ह आलं, तर त्याचा अर्थ आजार नाही असा होत नाही. तपासणी लवकर झाली एवढाच होतो. आणि दोनतीन महिन्यांनी सांधे दुखत असताना आयजीएम अजून पॉझिटिव्ह आलं म्हणून 'विषाणू अंगात तसाच आहे' असंही नाही. प्रतिपिंडं काही आठवडे ते महिने रेंगाळतात.

बोटाला टोचून पंधरा मिनिटांत उत्तर देणाऱ्या पट्टीपेक्षा एलायझा जास्त भरवशाची. देशभरातल्या सरकारी केंद्रांना या दोन्ही आजारांचे एलायझा संच पुरवते ती पुण्यातलीच राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. तिची स्थापना १९५२ ची, आणि त्याच वर्षी आजच्या टांझानियात चिकुनगुनियाची पहिली नोंद झालेली साथ सुरू झाली होती. खाजगी लॅबचा खर्च परवडणारा नसेल तर महापालिकेच्या दवाखान्यात किंवा ससूनला जा. तिथल्या संशयित रुग्णांचे नमुने सरकारी प्रयोगशाळेत तपासले जातात.

रक्तातल्या पेशींचं जे दडपण आपण घेतो, ते मुळात डेंग्यूचं आहे. चिकुनगुनियात प्लेटलेट थोड्या उतरतात, पण सहसा लाखाच्या फार खाली जात नाहीत. किवी, ड्रॅगनफ्रूट आणि पपईच्या पानांच्या रसावर या काळात पुण्यात जेवढे पैसे खर्च होतात, त्याच्या अर्ध्यात दोन व्यवस्थित तपासण्या होतील. फळं आवडतात म्हणून खा, औषध म्हणून नको.

पहिला आठवडा घरात

चिकुनगुनियाच्या विषाणूवर थेट काम करणारं औषध नाही. अँटिबायोटिकचा उपयोग नाही. घरी करायचं ते साधंच आहे, फक्त न कंटाळता करावं लागतं.

पाणी. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार नसेल तर दिवसभरात अडीच लिटरच्या आसपास द्रव पोटात जायला हवा: पेज, ताक, लिंबू सरबत, शहाळं, वरणाचं पाणी, ओआरएस. तोंडाला चव नसते, म्हणून एकदम तांब्याभर देण्यापेक्षा तासातासाला अर्धा पेला द्या. दर चारसहा तासांनी लघवी होते आहे आणि तिचा रंग गडद नाही, एवढं बघत राहा. मऊ भात आणि मुगाचं वरण चार दिवस पुरतं.

सांध्यांना पहिल्या दिवसांत गरम शेक आणि जोरजोरात मालिश नको. सुजलेल्या, गरम लागणाऱ्या सांध्यावर कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं ठेवला तर बरं वाटतं. तेल लावायचंच असेल तर हलक्या हाताने, रगडून नाही. पडून राहा, पण लाकडासारखे पडू नका. दर दोन तासांनी पलंगावरच घोटे गोल फिरवा, मुठी उघडा-मिटा, जेवढं जमेल तेवढं.

न्हाणीघराकडे लक्ष द्या. वयस्कर माणूस असेल तर या आठवड्यात पडण्याचा धोका मोठा असतो. पहाटे तळपाय टेकवत नाहीत, माणूस तोल सावरायला नळ धरतो, आणि नळ धरून तोल सावरत नाही. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर आठवड्यासाठी कमोड खुर्ची भाड्याने आणा. शहरात रुग्णसाहित्य भाड्याने देणारी दुकानं आणि संस्था आहेत. प्लॅस्टिकचं स्टूल न्हाणीत, चपला न घसरणाऱ्या, दिवा रात्रभर चालू.

आणि मच्छरदाणी, तीही दिवसा. रुग्णाच्या रक्तात पहिला आठवडाभर विषाणू असतो. त्याला चावलेला एडिस काही दिवसांनी घरातल्या दुसऱ्याला चावतो, आणि आधी आई, मग दहाबारा दिवसांनी मुलगा अशी रांग लागते. माणसाकडून माणसाला हा आजार थेट लागत नाही, वेगळं ताट-वाटी करायची गरज नाही. एडिस सकाळी उजाडल्यावर आणि संध्याकाळ होण्याआधी जास्त चावतो, म्हणून फक्त रात्री कॉइल लावून काही साधत नाही.

कधी थांबायचं नाही

बहुतेक लोक घरीच बरे होतात, मृत्यू क्वचित होतात. तरी पुढचं काही दिसलं तर 'सकाळी बघू' म्हणू नका: पोटात जोराची कळ, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शी, हातपाय गार पडणं, लघवी कमी होणं, धाप लागणं, असंबद्ध बोलणं, झटका, पायांतली ताकद जाणं. यातली पहिली काही डेंग्यूच्या धोक्याची लक्षणं आहेत आणि ती फसवी आहेत, कारण ताप उतरू लागल्यावर, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ती दिसतात. घरच्यांना वाटतं आता सुधारतंय.

तीन जणांच्या बाबतीत उंबरठा आणखी खाली ठेवा. एक, तान्हं मूल. दोन, साठी ओलांडलेली आणि मधुमेह, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेली माणसं. तीन, गरोदर बाई, विशेषतः दिवस भरत आलेले असतील तर. बाळंतपणाच्या वेळी आईच्या रक्तात विषाणू असेल तर तो बाळाला लागण्याची शक्यता मोठी असते. जन्मताना बाळ ठीक दिसतं आणि तीनचार दिवसांनी ताप, दूध न ओढणं, अंगावर सूज किंवा काळपटपणा सुरू होतो. अशा बाळाला पहिला आठवडा डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवलं पाहिजे, म्हणून तापाची गोष्ट प्रसूतितज्ज्ञांपासून लपवू नका. गरोदरपणात कोणत्याही महिन्यात ताप आणि पुरळ आलं तर झिकाचं विचारा. झिका बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करू शकतो.

दुसरा ते बारावा आठवडा: खरा कस

ताप साधारण तीन ते सात दिवसांत जातो. मग आठवडाभर बरं वाटतं, माणूस कामाला लागतो, आणि एका सकाळी उठतो तो पुन्हा मुठी आवळलेल्या, घोटे सुजलेले. हा दुसरा चिकुनगुनिया नसतो. एकदा झालेला आजार पुन्हा होत नाही असंच मानलं जातं. तोच पहिला आजार पुढच्या टप्प्यात गेलेला असतो. विषाणू रक्तातून गेला तरी सांध्यांतली आणि स्नायुबंधांवरच्या आवरणातली सूज शमायला वेळ लागतो. डॉक्टर ढोबळमानाने पहिल्या तीन आठवड्यांना तीव्र टप्पा म्हणतात, तीन आठवडे ते तीन महिने मधला टप्पा, आणि तीन महिन्यांपुढे दुखणं राहिलं तर जुनाट.

कोणाचं लांबतं? पंचेचाळिशीच्या पुढचे, स्त्रिया, आधीच संधिवात असलेले, मधुमेही, आणि पहिल्या आठवड्यात ज्यांचे खूप सांधे खूप सुजले होते ते. तरुणांचं बहुधा काही आठवड्यांत निभावतं.

या टप्प्यावर एक वही करा. रोज तीनच नोंदी: सकाळी उठल्यापासून सांधे मोकळे व्हायला किती मिनिटं लागली, कोणते सांधे सुजले होते, आणि दिवसभरात कोणतं काम जमलं नाही. 'खूप दुखतं हो' यावरून डॉक्टरला काही करता येत नाही. 'तीन आठवडे झाले, रोज सकाळी तासभर मूठ वळत नाही, उजवं मनगट आणि दोन्ही घोटे सुजतात' यावरून करता येतं. नुसतं दुखणं वेगळं आणि सूज असलेलं दुखणं वेगळं. सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाच्या पुढे रेंगाळतो आणि हालचालीने कमी होतो, तो बहुधा सुजेचा असतो.

डेंग्यू नाही हे एव्हाना ठरलेलं असतं, त्यामुळे सुजेवरच्या वेदनाशामक गोळ्या डॉक्टर आता देऊ शकतात, तेही मोजक्या दिवसांसाठी. रक्तदाब, ॲसिडिटी, मूत्रपिंड याबद्दल त्यांनी विचारलं नाही तर तुम्ही सांगा. मेडिकलवाल्याकडून तीच चिठ्ठी दाखवून महिनोन् महिने गोळ्या आणत राहणं हे मूत्रपिंड बिघडवण्याचं सोपं तंत्र आहे.

स्टिरॉइडबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त घोळ तिथे होतो. पहिल्या आठवड्यात स्टिरॉइड नको. पुढे, सूज खूप असेल तर संधिवाताची जाण असलेले डॉक्टर थोड्या दिवसांसाठी, प्रमाण उतरवत नेत ते देतात, आणि त्याचा फायदाही होतो. पण 'एका डोसात माणूस चालायला लागला' म्हणून ज्याची ख्याती होते, अशा अनामिक पुड्यांपासून लांब राहा. अशा चूर्णांत स्टिरॉइड मिसळल्याचं अनेकदा आढळलेलं आहे. मधुमेहींची साखर त्याने भडकते, आणि काही आठवडे घेतलेलं स्टिरॉइड अचानक थांबवणंही धोक्याचं असतं. पुडी घेऊन दुखणं जादूसारखं थांबत असेल, तर ती पुडीच डॉक्टरकडे घेऊन जा.

व्यायामाला हाच टप्पा योग्य. सकाळी कोमट पाण्याच्या बादलीत हात बुडवून, पाण्यातच मूठ उघडा-मिटा करा. मग प्रत्येक बोट अंगठ्याला टेकवा, मनगट वर-खाली, घोटे गोल, टाच जमिनीला टेकवून पोटरी ताणणं. सकाळी अंथरुणातून पहिलं पाऊल टाकताना टाचेत कळ येत असेल तर उतरण्याआधी बसल्या बसल्या तळपायाखाली पाण्याची बाटली पाचेक मिनिटं फिरवा, आणि घरातसुद्धा मऊ चप्पल घाला. किती व्यायाम जास्त झाला हे ओळखायचं माप असं: व्यायामानंतर वाढलेलं दुखणं दोन तासांनीही कमी झालं नाही, तर दुसऱ्या दिवशी निम्मं करा. बंद मात्र करू नका. पर्वती चढून 'सांधे मोकळे करायचा' उत्साह महिनाभर तरी आवरा, सपाट बागेत चाला.

कामाचं काय करायचं

हा भाग वैद्यकीय चिठ्ठीत नसतो. संगणकावर काम करणाऱ्याला मनगटाचा त्रास होतो, बोटांना मुंग्या येतात, कारण सुजेमुळे मनगटातली नस दाबली जाते. रात्री मनगटपट्टी बांधून झोपल्याने फरक पडतो. हिंजवडी किंवा खराडीपर्यंत दुचाकीवर जाणाऱ्यांनी एक चाचणी करावी: गाडी स्टँडवर असताना दोन्ही ब्रेक पूर्ण दाबून दहा आकडे मोजा. जमलं नाही तर त्या दिवशी बस, मेट्रो किंवा रिक्षा. सिग्नलला बोटं वळली नाहीत तर गर्दीत मागे-पुढे कोणीतरी असतंच.

पण ज्यांना घरून काम करायची सोय नाही, त्यांचे हाल वेगळे. धुणंभांडी करणाऱ्या मावशी, गवंडी, शिंपी, भाजी विकणारे, पोळ्या लाटणाऱ्या बायका यांचं काम मुठीवर आणि उकिडवं बसण्यावर चालतं. चिकुनगुनियानंतर नेमकं हेच दोन महिने जमत नाही. तुमच्याकडे काम करणाऱ्या मावशींना झाला असेल तर सुट्टीचा पगार द्या आणि परत आल्यावर काही आठवडे भांडी ओट्यावर उभ्याने, पुसायला उभ्याचा मॉप, पिळायचे जाड कपडे मशिनला अशी सोय करा. ही मेहेरबानी नाही. डास कदाचित तुमच्याच गॅलरीतल्या कुंडीखालच्या बशीतून निघालेला असतो.

घरच्यांसाठीही एक सांगणं. सूज ओसरलेला माणूस बाहेरून ठणठणीत दिसतो, आणि 'एवढं काय, ताप तर कधीच गेला' हे वाक्य त्याला सांध्यांपेक्षा जास्त लागतं. थकवा, झोप न लागणं, उदास वाटणं हे या आजाराच्या लांबलेल्या परिणामांमध्ये येतं. दोनतीन आठवडे कशातच मन लागत नसेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

तीन महिने उलटल्यावर

सांधे अजून सुजत असतील तर फॅमिली डॉक्टरांना विचारून संधिवाततज्ज्ञाकडे जा. अस्थिरोगतज्ज्ञ हाडांचे, हे दुखणं सांध्यातल्या आवरणाचं. जाताना तापाच्या वेळचे रिपोर्ट न्या. म्हणूनच ते रद्दीत घालायचे नाहीत. तिथे ईएसआर आणि सीआरपी या अंगातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या, आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या आमवात शोधणाऱ्या तपासण्या, आणि हातांचा एक्स-रे असं काही सांगितलं जाईल. चिकुनगुनियानंतरच्या दुखण्यात अँटी-सीसीपी सहसा निगेटिव्ह असतं. ते ठळक पॉझिटिव्ह आलं तर कदाचित आमवात आधीपासून दबा धरून होता, असा विचार करावा लागतो. उपचार दोन्हीकडे सारखे दिसले तरी त्यांचा कालावधी फार वेगळा असतो, म्हणून हा फरक काढणं महत्त्वाचं.

हायड्रॉक्सीक्लोरोक्विन आपल्याकडे बरेच डॉक्टर देतात. त्याच्या उपयोगाचे पुरावे संमिश्र आहेत. दीर्घकाळ घ्यायचं ठरलं तर डोळ्यांची तपासणी करून घ्या. सूज हट्टी असेल तर मेथोट्रेक्सेट सुचवलं जातं. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोजची गोळी समजून घेतल्याने माणसं जिवावर बेतेपर्यंत आजारी पडतात, म्हणून ठरलेला वार डबीवर मोठ्या अक्षरात लिहा आणि वयस्करांच्या रोजच्या गोळ्यांमध्ये ती डबी ठेवू नका. गरोदर बाईला किंवा दिवस राहण्याची इच्छा असणाऱ्या जोडप्याला हे औषध चालत नाही, आणि सुरू करण्याआधी यकृत-मूत्रपिंडाच्या तपासण्या लागतात.

सांध्यांपलीकडच्या काही गोष्टी घाबरवतात पण सहसा निवळतात. दोनतीन महिन्यांनी केस मुठीमुठीने गळतात. मोठ्या तापानंतर असं होतं, आणि काही महिन्यांत ते परत येतात. तोवर महागड्या तेलांवर पैसे घालवू नका. नाकाचा शेंडा आणि गाल काळवंडतात; उन्हापासून जपलं तर डाग हळूहळू फिके होतात, ब्लीच मात्र करू नका. डोळ्यांचं तसं नाही. तापानंतरच्या आठवड्यांत डोळा लाल होऊन दुखू लागला, उजेड सहन होईना किंवा धूसर दिसू लागलं, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. डोळ्याच्या आतली सूज वेळेत सापडली तर बरी होते, उशीर झाला तर दृष्टी जाऊ शकते.

घर आणि सोसायटी

सगळ्यांना माहीत असलेलं पुन्हा लिहीत नाही, फक्त जिथे नजर जात नाही ते सांगतो. एडिसला गटार लागत नाही, साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस. पाणी एक दिवसाआड येणाऱ्या भागात पिंपं रिकामी करणं जिवावर येतं, मान्य. तिथे घट्ट झाकण किंवा सुती कापड ताणून बांधा. वापराच्या हौदात महापालिकेकडून मिळणारे गप्पी मासे सोडता येतात. फ्रिजच्या मागचा ट्रे, एसीच्या पाण्याखालची बादली, मनी प्लांटची बाटली, न वापरला जाणारा पाहुण्यांचा संडास, लिफ्टचा खड्डा, पार्किंगमधल्या सोडून दिलेल्या गाडीचे टायर, गच्चीवर सौर पॅनेलखाली साठलेलं पाणी, गणपतीच्या मांडवाची ताडपत्री. बांधकाम चालू असलेला शेजारचा प्लॉट असेल तर बेसमेंटमधल्या पाण्याचा फोटो, तारखेसकट, क्षेत्रीय कार्यालयाकडे तक्रारीसोबत पाठवा. एडिस फार लांब उडत नाही. तुम्हाला चावलेला डास बहुधा तुमच्याच इमारतीच्या आसपासचा असतो.

धुराची गाडी आली की सोसायटीच्या ग्रुपवर आभाराचे संदेश पडतात. धुराने त्या वेळी उडत असलेले डास मरतात, पाण्यातल्या अळ्यांना काही होत नाही.

अंडी पाण्यात तरंगत नाहीत, पिंपाच्या आणि कुंडीच्या आतल्या बाजूला ओल्या कडेवर चिकटून बसतात आणि कोरड्यातही महिनोन् महिने तग धरतात. म्हणून पिंप नुसतं उपडं करून भागत नाही, काथ्याने किंवा तारेच्या ब्रशने आतून घासायला हवं. उन्हाळा संपल्यावर कूलर माळ्यावर टाकताना त्याची टाकी आणि गवताच्या जाळ्या अशाच घासून, उन्हात वाळवून ठेवा. तशाच ठेवल्या तर पुढच्या उन्हाळ्यात त्यात पाणी ओतताना जुन्याच अंड्यांवर ओतलं जाईल.